संकल्पांतील शेजारी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला कीं नागपूरची थंडी हाडांत शिरूं लागते, सदर भागांतील ख्रिस्तमंदिरांवर दिवे लागतात आणि ३१ तारखेच्या रात्रीं उशिरा प्रार्थनेस निघालेलीं कुटुंबें, मुलांना शालींत गुंडाळून, रस्त्यानें जातांना दिसतात. मध्यरात्रीं घंटा वाजते, लोक परस्परांस शुभेच्छा देतात, आणि बहुतेकांच्या मनांत त्या क्षणीं एखादा निश्चय उगवलेला असतो. नव्या वर्षाबरोबर नवा संकल्प, हें समीकरण आतां कोणत्याही एका धर्माचें राहिलेलें नाहीं. परंतु ख्रिस्ती मनुष्याच्या संकल्पाला स्वतःचा असा एक इतिहास आहे, आणि त्याचे धागे आपल्या नागपुराशीं व मराठी भाषेशीं किती गुंतलेले आहेत याची आपल्यांतील पुष्कळांस कल्पना नसते.

हा इतिहास मला धुंडाळावा लागला तो एका विद्यार्थ्यामुळें. गेल्या जानेवारींत, संक्रांतीच्या आदल्या दिवशीं, माझ्या वर्गांतील एक ख्रिस्ती तरुण घरीं आला. डोळे तांबारलेले, चेहरा ओढलेला. त्यानें एक नवी कोरी दैनंदिनी माझ्यापुढें ठेवली. तिच्या पहिल्या पानावर सुरेख अक्षरांत एकवीस संकल्प लिहिले होते : पहाटे चारला उठणें, वर्षांत सबंध पवित्र शास्त्र वाचणें, रोज पांच मैल चालणें, राग न करणें, चहा सोडणें, आणि असेच आणखी. मीं विचारलें, "यांतले किती उरले?" तो म्हणाला, "सर, सतरा मोडले, तीन विसरलों, आणि एक उरला आहे. तो म्हणजे ही वही रोज लिहिणें." मी हंसलों, तो हंसला नाहीं. तो म्हणाला, "देवासमोर शब्द दिला आणि बारा दिवसांत मोडला. आतां रविवारीं मंदिरांत जाण्याची लाज वाटते. मोडायचेच असतील तर आम्हीं संकल्प करावे तरी कशाला? त्यांतून नुसती अपराधांची बेरीज वाढते."

धर्मशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. इतिहास शिकवून माझें पोट भरतें. म्हणून मीं त्याला एवढेंच सांगितलें कीं, आठ दिवसांनीं ये. तुझ्यापूर्वीं ज्यांनीं असे शब्द दिले त्यांचें काय झालें तें आपण पाहूं. त्या आठ दिवसांत जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

पहिली गोष्ट ही कीं, १ जानेवारी हा मुळांत ख्रिस्ती दिवस नव्हे. रोमन प्रजासत्ताकांत इ.स.पूर्व १५३ पासून नवे कॉन्सल या तारखेस अधिकारावर येत, आणि ज्यूलियस सीझरनें पंचांग सुधारलें तेव्हां इ.स.पूर्व ४५ पासून सुधारलेलें वर्षही याच तारखेस सुरू झालें. दोन तोंडांच्या जानस देवाच्या नांवाचा हा महिना. एका तोंडानें मागें पाहावें, दुसऱ्यानें पुढें. त्या दिवशींच्या मेजवान्या आणि धिंगाणा पाहून प्राचीन ख्रिस्ती धर्मगुरूंस तो दिवस आपला म्हणावासा वाटला नाहीं. इ.स. ५६७ मध्यें फ्रान्सांतील तूर येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें तर या सुमारास उत्सवाऐवजीं प्रार्थना करावी असा नियम घातला. पुढें मध्ययुगांत कोठें नाताळापासून, कोठें ईस्टरपासून, तर कोठें २५ मार्चपासून वर्ष मोजीत. स्कॉटलंडनें १६०० सालीं १ जानेवारी स्वीकारली. इंग्लंडनें मात्र १७५२ पर्यंत वाट पाहिली, आणि त्यामुळें तेथील कायद्याचें १७५१ हें साल २५ मार्चला सुरू होऊन ३१ डिसेंबरला, म्हणजे अवघ्या २८२ दिवसांत, संपलें. आपल्याकडे गुढीपाडव्यास संवत्सर बदलतें आणि दिवाळीच्या पाडव्यास व्यापाऱ्याची वही बदलते, हें ज्यांच्या अंगवळणीं पडलें आहे त्यांना यांत नवल वाटणार नाहीं.

खुद्द चर्चचें वर्ष निराळ्याच दिवशीं सुरू होतें. नाताळपूर्वींचे चार रविवार हा आगमनकाळ. त्यांतील पहिल्या रविवारीं उपासनेचें नवें वर्ष उघडतें. या आरंभाचा भाव लक्षांत घेण्याजोगा आहे. त्यांत "मी अमुक करीन" अशी गर्जना नाहीं. "कोणी तरी येणार आहे, त्याच्यासाठीं घर झाडून ठेवावें" अशी प्रतीक्षा आहे. ख्रिस्ती कल्पनेप्रमाणें कृपा आधीं आणि कर्तव्य मागाहून. म्हणून संकल्प हा देवाशीं केलेला सौदा नसून मिळालेल्या देणगीला दिलेलें उत्तर ठरतो. सौदा मोडला तर संबंध तुटतो. उत्तर अपुरें पडलें तर पुन्हा देतां येतें. माझ्या विद्यार्थ्याची पहिली चूक येथेंच झाली होती. त्यानें वही उघडली ती देणेकऱ्यासारखी.

नववर्षाच्या रात्रींच्या प्रार्थनेचा उगम पाहूं लागलें म्हणजे आपण अठराव्या शतकांतील इंग्लंडांत जाऊन पोंचतों. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुड येथील कोळशाच्या खाणींत राबणारे मजूर शनिवारची रात्र गुत्त्यांत घालवीत. जॉन वेस्लीच्या उपदेशानें त्यांच्यांतील कांहींचें मन पालटलें, आणि १७४० च्या सुमारास ते तीच रात्र एकत्र जमून प्रार्थनेंत व गाण्यांत काढूं लागले. वेस्लीनें ही रीत उचलून धरली व पुढें ती वर्षाच्या शेवटच्या रात्रीशीं जोडली गेली. यांतील शहाणपण असें कीं, त्या मजुरांनीं "दारू पिणार नाहीं" एवढाच नकार लिहून ठेवला नाहीं. जी रात्र रिकामी झाली ती त्यांनीं दुसऱ्या आनंदानें भरली, आणि तीही एकट्यानें नव्हे. सोडलेल्या संवयीची जागा मोकळी राहिली तर जुना भाडेकरू परत येतो.

१७५५ च्या ११ ऑगस्टला लंडनमधील स्पिटलफील्ड्स येथें वेस्लीनें आणखी एक पाऊल टाकलें. फ्रेंच मंडळीच्या मंदिरांत सुमारें १,८०० माणसें जमलीं आणि सर्वांनीं उभें राहून देवाशीं आपला करार नवा केला. पुढें ही कराराची उपासना मेथडिस्ट मंडळ्यांत वर्षारंभीं होऊं लागली आणि दरवर्षीं होत आली. "दरवर्षीं" या शब्दांतच तिचें मर्म आहे. एकदां दिलेला शब्द आयुष्यभर अभंग राहील अशी अपेक्षा असती तर तो दरसाल नवा करण्याचें प्रयोजनच नव्हतें. मनुष्य घसरणार हें गृहीत धरूनच त्याला पुन्हा उभें करण्याची ही योजना आहे. आपल्याकडील चातुर्मासाचे नेम आठवावे. आजीनें धरलेला नेम लहानसा असे : एखादी भाजी वर्ज्य, एखादी वात अधिक, एखाद्या वाटसरूला जेवण. त्याला चार महिन्यांची मुदत असे, चुकल्यास प्रायश्चित्त असे आणि शेवटीं उद्यापन असे. धर्म निराळे, परंतु मानवी मनाची ओळख दोहींकडे सारखीच दिसते. मुदत, क्षमा आणि समाप्ति यांवांचूनचा नेम हा नेम नव्हे. तो गळफास होतो.

संकल्पांच्या इतिहासांत सर्वांत प्रसिद्ध वही आहे ती जोनाथन एडवर्ड्सची. १७२२-२३ सालीं, अमेरिकेंतील वसाहतींत, वयाच्या विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या तरुण पाळकानें स्वतःसाठीं सत्तर संकल्प लिहिले. वेळ वाया दवडूं नये, सूडबुद्धीनें कांहीं करूं नये, खाण्यापिण्यांत मिताहार राखावा, रोज रात्रीं आणि दर आठवडा, महिना व वर्ष संपतांना आपली तपासणी करावी, असे ते कडक नियम होते. देवाच्या साहाय्यावांचून आपल्या हातून कांहींच होणार नाहीं, अशी कबुली त्यानें आरंभींच दिली होती आणि ही यादी आठवड्यांतून एकदां वाचावयाची असें ठरविलें होतें. पुढें तो अमेरिकेचा मोठा धर्मचिंतक झाला. माझ्या विद्यार्थ्याच्या एकवीस संकल्पांचें मूळ घराणें हेंच.

पण या वहीला एक दुसरी बाजू आहे आणि इतिहासकारानें ती झांकूं नये. १७३१ सालीं याच एडवर्ड्सनें न्यूपोर्टच्या बंदरांत व्हीनस नांवाची एक आफ्रिकी मुलगी विकत घेतली. त्याच्या घरांत गुलाम होते. ज्या मनुष्यानें आपल्या एकेका क्षणाचा हिशेब ठेवला, त्याच्या त्या हिशेबांत आपल्याच घरांत राबणाऱ्या मुलीचें स्वातंत्र्य कधीं आलें नाहीं. त्या काळीं ही चाल होती, असें म्हणून आपण त्याचा दोष कांहीं अंशीं सौम्य करूं. परंतु त्यापासून मिळणारा धडा सौम्य करतां येत नाहीं. स्वतःच्या आत्म्याची तपासणी कितीही बारकाईनें केली, तरी भिंग जर केवळ स्वतःवरच धरलें असेल, तर शेजारीं उभा असलेला मनुष्य दिसत नाहीं. येथें मला प्रथम जाणवलें कीं संकल्पाच्या निरोगीपणाची खरी कसोटी तो किती कडक आहे किंवा किती दिवस टिकला ही नव्हे. त्यांत आपल्याखेरीज दुसरें कोणी आहे कीं नाहीं, ही होय.

ही कसोटी घेऊन मी आपल्या गांवाकडे वळलों.

१८४५ च्या फेब्रुवारींत स्टीफन हिस्लॉप नांवाचा २७ वर्षांचा स्कॉच मिशनरी नागपुरांत आला. त्या वेळीं येथें भोसल्यांचें राज्य होतें. कामठीच्या छावणींतील मद्रास फौजेच्या हिल नांवाच्या एका अधिकाऱ्यानें दिलेल्या देणगीमुळें हें मिशन उभें राहूं शकलें. हिस्लॉप मराठी शिकला, १८४६ सालीं त्यानें शाळा काढली, आणि त्याच परंपरेंतून १८८३ सालीं स्थापन झालेलें कॉलेज आज त्याच्याच नांवानें चालतें. परंतु तो केवळ शाळामास्तर नव्हता. नागपूरच्या टाकळी भागांतील दगडांत त्याला प्राचीन जीवांचे अवशेष सांपडले. त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह त्यानें नागपूर परिसराच्या भूगर्भावर लिहिलेला निबंध १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्र-संस्थेच्या नियतकालिकांत आला. हिस्लोपाइट या खनिजाला त्याचेंच नांव आहे. आणि ज्यांच्याकडे शहरांतील शिष्ट लोक फारसे पाहत नसत त्या गोंड लोकांची भाषा, त्यांच्या चालीरीति, त्यांचें लिंगोचें दीर्घ गीत यांचा संग्रह करण्यांत त्यानें आपल्या प्रवासाचे दिवस खर्च केले.

१८६३ च्या ४ सप्टेंबरला, टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळांच्या भेटीहून रात्रीं परततांना, बोरीजवळच्या नाल्याला आलेल्या पुरांत तो बुडाला. वयाचीं ४६ वर्षें पुरीं होण्यास चार दिवस उणे होते. गोंडांविषयींचे त्याचे कागद तसेच पडून होते. मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनीं ते संपादून १८६६ सालीं छापले, म्हणून आज ते आपल्याला उपलब्ध आहेत. स्वतःच्या वर्षांचा अंदाज कोणालाच नसतो. परंतु ज्या कामांत इतर माणसें गुंतलेलीं असतात, तें काम करणाऱ्याबरोबर बुडत नाहीं. शाळा चालू राहिली, कागद छापले गेले.

हिस्लॉप बाहेरून आलेला होता. आतां मराठी घरांतील एक उदाहरण पाहूं. तेंही नागपूरच्या स्टेशनावरूनच सुरू होतें. नारायण वामन टिळक कांहीं काळ नागपुरांत श्रीमंत बुटींच्या आश्रयानें संस्कृत ग्रंथांचें काम करीत होते. १८९३ सालीं ते नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात असतां डब्यांतील एका युरोपियन प्रवाशाशीं त्यांचें बोलणें झालें. त्या प्रवाशानें नव्या कराराची एक प्रत त्यांना दिली आणि ती वाचण्याचा आग्रह केला. टिळकांनीं शब्द दिला. पुस्तक विशेष आवडलें होतें असें नाहीं. परंतु दिलेला शब्द पाळावयाचा म्हणून ते वाचूं लागले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनापाशीं येतांच त्यांना तेथून हलवेना. १८९५ च्या १० फेब्रुवारीला मुंबईंत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला आपली वाणी देणाऱ्या या कवीचें परिवर्तन "एवढें पुस्तक वाचून पाहीन" अशा एका साध्या, मर्यादित वचनांतून झालें. दोन वर्षांनंतर आपण कोठें असूं, हें त्यांनीं त्या डब्यांत ठरविलें नव्हतें.

परंतु टिळकांचा स्वभाव मोठ्या उड्या घेणारा होता. आणि मोठी उडी घेणाऱ्याला सर्वांत जवळचें माणूस कधीं कधीं दिसत नाहीं. बाप्तिस्म्याच्या वेळीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ नव्हत्या. बातमी त्यांच्यावर दुरून येऊन कोसळली. पुढचीं कांहीं वर्षें ताटातुटींत गेलीं. त्या दुःखाची आणि त्यांतल्या विनोदाचीही कहाणी लक्ष्मीबाईंनीं 'स्मृतिचित्रें' मध्यें लिहून ठेवली आहे, आणि ती ज्यानें वाचली नाहीं त्यानें मराठी गद्याच्या एका मोठ्या सुखास स्वतःला वंचित ठेवलें असें मी म्हणेन. तत्त्वासाठीं सर्वस्व सोडणाऱ्या पुरुषाचें कौतुक करतांना, त्या सर्वस्वांत एक जिवंत बाई होती हें विसरूं नये. टिळकांची थोरवी मानूनही ही गोष्ट सांगितली पाहिजे.

लक्ष्मीबाईंची रीत अगदीं निराळी. त्या पतीकडे परत आल्या, पण सोंवळें सांभाळूनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळें. कोणी उपदेश केला म्हणून त्या हलल्या नाहींत. मग एकदां त्यांनीं स्वतःलाच विचारलें कीं, हे जातिभेद देवानें केले कीं माणसानें? जन्म सारखा, मरण सारखें, हाडामांसांत भेद नाहीं. मग हा विटाळ आला कोठून? उत्तर मिळालें, आणि मग मात्र त्यांनीं ठरविलें कीं, यापुढें कोणाच्याही हातचें खावयाचें व प्यावयाचें. हें बाप्तिस्म्याच्या आधींचें. बाप्तिस्मा १९०० सालीं झाला. हा निश्चय किती लहान! एक पेला पाणी. त्यासाठीं पहाटे चारला उठावें लागत नाहीं. परंतु ज्या बाईचें सारें बालपण सोंवळ्याच्या जाचांत गेलें होतें तिच्यासाठीं तो पेला डोंगराएवढा होता; आणि त्याच्या दुसऱ्या टोंकाला एक माणूस उभा होता, ज्याच्या हातचें पाणी आजवर चाललें नव्हतें. एडवर्ड्सच्या सत्तर संकल्पांत जो शेजारी सांपडला नाहीं, तो लक्ष्मीबाईंच्या एका पेल्यांत सांपडला.

या घराचा आणखी एक प्रसंग सांगून मी पुढें जातों. १९०९ सालीं टिळकांनीं ख्रिस्तचरित्रावर 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य आरंभिलें. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगाराची चाकरी सोडून संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, ज्यांत बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही मज्जाव नव्हता. १९१९ च्या ९ मे रोजीं मुंबईंत त्यांचा अंत झाला, तेव्हां महाकाव्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनीं लिहिले. जिला शाळेचें तोंड दिसलें नव्हतें आणि जिची अक्षरओळख लग्नानंतर पतीनें करून दिली होती, त्या बाईनें! त्या १९३६ सालीं वारल्या आणि ग्रंथ १९३८ सालीं प्रसिद्ध झाला. ज्याच्या निर्णयांत एके काळीं तिला स्थान मिळालें नव्हतें, त्याचा संकल्प शेवटीं तिच्याच हातानें पुरा व्हावा, यापरतें मार्मिक उत्तर मला ठाऊक नाहीं. तिनें तें उत्तर रागानें दिलें नाहीं, ओवीनें दिलें.

येथवर आलों तेव्हां मला आपल्या गांवांतील एक अगदीं निराळ्या मापाचा संकल्प आठवला. १९२९ सालीं उत्तर हिंदुस्थानांतील निरनिराळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीं एक होण्याविषयीं बोलणीं सुरू केलीं. बाप्तिस्मा लहानपणीं द्यावा कीं जाणतेपणीं, बिशप असावे कीं नसावे, पाळकांच्या दीक्षेचें काय, असे प्रश्न एकामागून एक निघाले. देश स्वतंत्र झाला, पिढी बदलली, तरी बोलणीं चालूच होतीं. अखेर १९७० च्या २९ नोव्हेंबरला, येथें नागपुरांत, सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताचें चर्च अस्तित्वांत आलें. एकेचाळीस वर्षें! मीं पंचांग काढून पाहिलें तों तो दिवस रविवार, आणि तोही आगमनकाळाचा पहिला रविवार निघाला. म्हणजे चर्चच्या वर्षप्रतिपदेसच तें घडलें होतें. ज्यांनीं १९२९ मध्यें पहिलें पाऊल टाकलें त्यांतील पुष्कळांनीं तो दिवस पाहिला नसेल. कांहीं ध्येयें वर्षाच्या वहींत मावत नाहींत. त्यांतलें आजचें पान तेवढें आपलें असतें.

आठ दिवसांनीं विद्यार्थी आला तेव्हां हें सारें मीं त्याला सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकलें आणि विचारलें, "मग मी काय लिहूं?" मीं म्हटलें, "तें सांगणें तुझ्या पाळकाचें काम. पण इतिहासानें मला जें शिकविलें तें असें. पहिलें, झोंप पुरी कर. तुझ्याच धर्मग्रंथांत एलीया संदेष्टा थकून, मरण मागत झुडपाखालीं पडला, तेव्हां देवानें त्याला प्रथम उपदेश केला नाहीं. झोंपूं दिलें, भाकर दिली, पुन्हा झोंपूं दिलें. सात दिवसांत एक दिवस विसावा घ्यावा, ही तर आज्ञाच आहे. शरीराला शत्रु मानून केलेला संकल्प ख्रिस्ती खरा, पण शास्त्राला धरून नव्हे. दुसरें, वचन लहान कर आणि मुदतीचें कर. टिळकांनीं एक पुस्तक वाचण्याचेंच वचन दिलें होतें. तिसरें, मोडलें तर लाजेनें मंदिर सोडूं नकोस. किंग्जवुडचे मजूर आणि स्पिटलफील्ड्सचे लोक जमत होते ते पडल्यावर उठण्यासाठींच. आणि शेवटचें, तुझ्या एकवीस ओळींत 'मी' शब्द एकवीस वेळां आला आहे; दुसऱ्या कोणाचें नांव एकदांही नाहीं."

तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "पहाटे चारला उठावयाचें म्हणून वसतिगृहाच्या पहारेकऱ्याला मीं रोज हांक मारायला सांगितलें होतें. बारा दिवस तो माझ्यासाठीं थंडींत जिने चढला. त्याचें नांव मला ठाऊक नाहीं."

हें ऐकून मीही गप्प बसलों. कारण माझ्या घरीं वीस वर्षें वर्तमानपत्र टाकणाऱ्या गृहस्थाचें नांव मला त्या क्षणीं आठवेना. विद्यार्थ्याला धडा देण्यास बसलेल्या मास्तराला तो असा परत मिळाला. दुसऱ्या दिवशीं मी पहाटे फाटकाशीं उभा राहिलों आणि नांव विचारून घेतलें. यांत मोठेपणाचें कांहीं नाहीं. उशीर झाल्याची कबुली तेवढी आहे.

परवां डिसेंबरच्या आरंभीं तो तरुण पुन्हा आला. चेहरा भरलेला होता. वहींत एकवीसऐवजीं तीन ओळी होत्या : रात्रीं अकरापूर्वीं निजणें; रविवारीं अभ्यासाचें पुस्तक मिटून ठेवणें; आणि पहारेकऱ्याच्या मुलाला संध्याकाळीं अर्धा तास गणित शिकविणें. मीं विचारलें, "किती दिवस चुकले?" त्यानें वही चाळून मोजले. "गणिताचे चाळीस," तो म्हणाला, "परीक्षेच्या दिवसांत सलग नऊ दिवस गेलों नाहीं. दहाव्या दिवशीं जाण्याची फार लाज वाटली."

"मग?"

"मग गेलों. मुलगा पाटी घेऊन जिन्यावर बसला होता. त्यानें कांहीं विचारलें नाहीं. म्हणाला, दादा, भागाकार राहिला आहे."